सही तुमची, टीम त्यांची

नाशिकहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो. (इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल किंवा आयपी म्हणजे कर्ज थकलेल्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया चालवणारा परवानाधारक. सुरुवातीला हंगामी नेमला जातो तो आयआरपी, पुढे कायम होतो तो आरपी. सीओसी म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांची समिती, आणि पर्सनल गॅरंटर म्हणजे कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेला माणूस.)

"सर, नमस्कार. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. बरीच वर्षं कारखान्यांच्या कॉस्टिंगमध्ये काढली, मग परीक्षा देऊन इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल म्हणून नोंदणी केली. आतापर्यंत तीन कंपन्यांत आयआरपी म्हणून नेमणूक झाली. दोन ठिकाणी पहिल्याच सीओसी मीटिंगमध्ये मला बदललं आणि मुंबईच्या मोठ्या फर्ममधला आरपी आणला. तिसऱ्या ठिकाणी तडजोड होऊन अर्जच मागे घेतला गेला, माझी निम्मी फी अजून यायची आहे. बाकी येतात ते पर्सनल गॅरंटरचे अहवाल. कॉन्फरन्सला गेलं की पहिला प्रश्न 'कुठल्या फर्मला?' आणि दुसरा 'सीए ना?' दोन्हीची उत्तरं दिली की समोरचा चहाच्या टेबलाकडे वळतो. आता एका मोठ्या फर्मने विचारलंय. आरपी म्हणून नाव आणि सही माझी, काम त्यांची टीम करणार, मला दरमहा ठरावीक रक्कम, नाशिक सोडायचीही गरज नाही. यजमान म्हणतात, हा नाद सोड आणि कॉस्ट ऑडिटची कामं वाढव. सर, आमच्या व्यवसायात ही उतरंड खरंच आहे, की माझ्यातच काही कमी आहे? आणि ऑफर घेऊ का?"

ताई, नमस्कार.

उतरंड आहे, आणि चांगली पक्की आहे. तुमच्यात काही कमी आहे का, हे तुम्हाला न भेटता मी कसं सांगणार? पण दोन्ही वेळा तुम्हाला बदललं गेलं, त्यावरून तरी तसं काही सिद्ध होत नाही. मी बरीच वर्षं बँकेच्या थकीत कर्जांच्या विभागात होतो, म्हणजे ज्या टेबलावर तुम्हाला बदललं त्याच्या पलीकडच्या बाजूला बसायचो. तिथून काय दिसतं ते आधी सांगतो, कारण तुमच्या ऑफरचं उत्तर त्यातच आहे.

पहिली सीओसी मीटिंग आठवा. व्हीसीवर पाच-सहा चौकटी, त्यातल्या निम्म्यांचे कॅमेरे बंद. तुम्ही रात्र जागून तयार केलेला दाव्यांचा तक्ता स्क्रीनवर आहे आणि तो कोणी वाचत नाही, कारण लीड बँकेच्या साहेबांना शेवटच्या विषयात रस आहे: आयआरपीलाच आरपी म्हणून कायम करायचं की बदलायचं. बदलायचं नाव मीटिंगच्या आधी फोनवर ठरलेलं असतं. 66 टक्के मतं पडली की झालं. कारण देण्याची सक्ती कायद्यात नाही, आणि म्हणून कोणी देतही नाही.

हे नाव ठरतं कसं? तुम्हाला वाटत असेल हुशारीवर. बँकेतल्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी हुशारी नसते, भीती असते. चार-पाच वर्षांनी ऑडिट येईल, व्हिजिलन्सचं पत्र येईल, 'या खात्यात इतकी कमी वसुली कशी?' असं कोणीतरी विचारेल. मोठ्या फर्मचा माणूस नेमला होता आणि तरी बुडालं, तर 'बाजारच पडला होता' म्हणता येतं. नाशिकच्या एकट्या कॉस्ट अकाउंटंट बाईंना नेमलं होतं आणि बुडालं, तर पहिला प्रश्न येतो, 'यांनाच का?' या एका प्रश्नाची धास्ती तुमच्या व्यवसायातल्या वरच्या मजल्याला पैसे मिळवून देते. गुणवत्तेचा भाग नाही असं मी म्हणत नाही, पण तो नंतर येतो.

याला एक इतिहासही आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 ची. त्याआधी बंद पडलेल्या कंपनीचा कारभार उच्च न्यायालयाशी जोडलेला सरकारी ऑफिशियल लिक्विडेटर पाहायचा. माणूस दिवाळखोर झाला तर मुंबईत 1909 च्या कायद्याखालचा ऑफिशियल असाइनी आणि जिल्ह्यात 1920 च्या कायद्याखालचा रिसीव्हर. सगळे नेमलेले अधिकारी. त्यांच्यात बढती होती, बाजार नव्हता. 2016 ने पहिल्यांदा खासगी, परवानाधारक व्यावसायिक उभा केला आणि नोंदणी दिली ती व्यक्तीला. कागदावर सगळे आयपी सारखे. नोंदणीने मिळणाऱ्या अधिकारांत सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), वकील असा भेद नाही, मुंबई-नाशिक असा तर नाहीच.

मग जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठी खाती या वाटेने न्यायला सांगितली. देशातल्या एकूण बुडीत कर्जाचा साधारण चौथा हिस्सा या बारा खात्यांत होता. एस्सार स्टील, भूषण स्टील, आलोक, जेपी इन्फ्राटेक वगैरे. एवढा पोलाद कारखाना उद्या सकाळी ताब्यात घेऊन चालवायचा म्हटल्यावर एकटा माणूस काय करणार? पन्नास जणांची टीम, वकिलांची फौज आणि पगार थकले तरी सहा महिने तग धरणारं ऑफिस लागतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांना काम मिळालं, काम मिळालं म्हणून अनुभव मिळाला, आणि पुढच्या खेपेला बँकांच्या अर्जात 'हजार कोटींवरच्या प्रकरणाचा अनुभव आहे का?' असा रकाना आला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. व्यवसाय वर्षभराचाही झाला नव्हता तेव्हा त्याचे मजले पडले.

आता वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत असलेली, पण कोणी लिहीत नाही अशी विभागणी सांगतो. वर जागतिक फर्मांच्या भारतीय शाखांमधले आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांमधले आरपी. त्यांच्या बरोबरीने किंवा अर्धी पायरी खाली, बँकांमधून जनरल मॅनेजर पदावरून निवृत्त झालेली मंडळी. यांना सीओसीतले निम्मे लोक 'सर' म्हणतात, कारण कधीकाळी ते खरंच त्यांचे सर होते. मग महानगरांत स्वतःचं ऑफिस असलेले सीए. त्याखाली सीएस, सीएमए, वकील, त्यातही जिल्ह्याच्या गावचे. आणि तळाशी नोंदणी असून एएफए न घेतलेले. देशात चार हजारांवर नोंदणीकृत आयपी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या आसपासच लोकांकडे काम घेण्याची ही परवानगी आहे. म्हणजे निम्मा व्यवसाय दारातच उभा आहे. बायका दहात एक. तुम्ही सीएमए, नाशिकच्या, एकट्या आणि बाई, म्हणजे चारही बाजूंनी त्या रकान्याबाहेर. चहाच्या टेबलाकडे वळणाऱ्यांना हा हिशेब तीन सेकंदांत होतो.

कामालाही वर्ग आहेत. रिझोल्यूशन, म्हणजे कंपनी वाचवणं, यात प्रतिष्ठा; लिक्विडेशन, म्हणजे ती मोडीत काढणं, यात कमीपणा. लिक्विडेशनला गेलेल्या कंपन्यांपैकी बहुतेक आधीच बंद होत्या किंवा आजारी कंपन्यांसाठीच्या जुन्या बीआयएफआर मंडळातून मोडून आलेल्या, तिथे कोणी काय वाचवणार होतं? पण 'तो लिक्विडेशनवाला' हा शिक्का बसतो. त्याहून खाली पर्सनल गॅरंटरची कामं, कलम 99 चा अहवाल. दहा दिवसांत द्यायचा, शिवाय 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथे आरपी फक्त माहिती गोळा करून शिफारस करतो, निवाडा करत नाही. तेव्हापासून काही जण या कामाला 'पोस्टमनगिरी' म्हणतात. मला ते पटत नाही. हमी दिलेल्या प्रवर्तकाच्या घरच्यांशी बोलून, कागद मिळवून, बँकेच्या आकड्यातली चूक दाखवणारा अहवाल लिहायला डोकं लागतं. पण पैसे कमी आहेत हे खरं. किमान फीचा जो तक्ता आहे तो या कामाला लागू नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत सामान्य माणसाच्या चॅप्टर 7 दिवाळखोरीत नेमलेल्या ट्रस्टीला, विकायला काहीच मालमत्ता नसेल तर, एका प्रकरणाचे 60 डॉलर मिळत आणि ही रक्कम 1994 पासून तशीच होती. 2021 मध्ये कायदा करून वर पूरक रकमेची सोय करावी लागली. त्याच देशात मोठ्या कंपन्यांच्या चॅप्टर 11 मध्ये वकील आणि सल्लागार तासाच्या हिशेबाने बिलं लावतात. न्यायालय तेच, कायदा तोच, आणि दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

आता ऑफर.

उतरंडीत फी वेगळी, मान वेगळा, फोन उचलला जाण्याचा वेग वेगळा. एकच गोष्ट वेगळी नाही, ती म्हणजे जबाबदारी. कलम 17 खाली कंपनीचं व्यवस्थापन तुमच्याकडे येतं तेव्हा ते तुमच्या नावाने येतं, फर्मच्या नाही. आयबीबीआयची, म्हणजे आयपींवर देखरेख करणाऱ्या बोर्डाची, कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने येईल, शिस्तपालन समितीचा आदेश तुमच्या नावाने संकेतस्थळावर चढेल आणि तिथेच राहील. एस्सार स्टीलचं प्रकरण घ्या. 42,000 कोटींचा व्यवहार, मागे मोठी यंत्रणा, आणि 15 नोव्हेंबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या शीर्षकात नाव कोणाचं आहे? सतीश कुमार गुप्ता या आरपीचं. 2022 पासून इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल एंटिटी, म्हणजे अशी फर्म, स्वतःही आयपी म्हणून नोंदणी घेऊ शकते. तरी त्यांना तुमचं नाव हवंय.

का हवंय, हे त्यांना तोंडावर विचारा. मला दोन शक्यता दिसतात. एक, आचारसंहितेप्रमाणे एका आयपीकडे एका वेळी आरपी म्हणून दहापेक्षा जास्त कामं असू शकत नाहीत आणि त्यात हजार कोटींवरच्या दाव्यांची तीनच. त्यांच्या माणसांचे हात भरले असतील. हे फारसं वाईट नाही. दुसरी शक्यता वाईट. फर्मने त्या कंपनीचं किंवा तिला कर्ज देणाऱ्या बँकेचं आधी काही काम केलं असेल, आणि त्यांचा स्वतःचा माणूस पुढे आला तर ते नातं जाहीर करावं लागेल. तुमच्या नावामागे ते झाकलं जाईल असं त्यांना वाटत असेल. झाकलं जात नाही, कारण सपोर्ट सेवा देणाऱ्यांचे संबंधही जाहीर करावे लागतात, आणि ते न केल्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. विचारल्यावर ते कोणत्या शक्यतेकडे झुकतात ते त्यांच्या बोलण्याच्या लांबीवरून कळेल. सरळ कारण एका वाक्यात मावतं.

बरं, 'काम आमची टीम करेल' हे वाक्यच घ्या. आयबीबीआयचं 3 जानेवारी 2018 चं परिपत्रक आहे: आयपीने आपली जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवायची नाही. मदत घेता येते. अकाउंटंट, वकील, सुरक्षा, व्हॅल्युअर, सगळ्यांची मदत घ्या. पण दावा मान्य की अमान्य, कोण संबंधित पक्ष, कंपनीसाठी बोली लावायला कोण कलम 29ए खाली अपात्र ठरतो, हे ठरवणं तुमचं. त्यांच्या आर्टिकलने, म्हणजे शिकाऊ सीएने, भरलेला तक्ता रात्री साडेअकराला मेलवर येणार, खाली 'मॅडम, उद्या सकाळी फाइल करायचंय, प्लीज साइन', आणि तुम्ही दाव्याचे मूळ कागद पाहिलेलेच नाहीत. दोन महिन्यांनी एखादा पुरवठादार कोर्टात येऊन म्हणतो, माझा एक कोटी दहा लाखांचा दावा कुठल्या कारणाने नाकारला? एनसीएलटीचे, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाचे, सदस्य आर्टिकलकडे पाहत नाहीत.

आणि रेकॉर्ड? प्रक्रियेचे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात किमान आठ वर्षं आणि छापील किमान तीन वर्षं जपायचं बंधन आयपीवर आहे. ते पडून असणार त्यांच्या सर्व्हरवर. सहाव्या वर्षी प्रश्न आला आणि त्यांच्याशी तुमचं बिनसलेलं असलं, तर तुम्ही कोणाकडे लॉगिन मागणार?

दरमहा ठरावीक रकमेबद्दलही सावध राहा. आयपीची फी आयपीच्या नावाच्या बिलाने, आयपीच्याच खात्यात यायची असते, आणि नेमलेल्या व्यावसायिकांकडून वाटा घ्यायला किंवा त्यांना द्यायला मनाई आहे. एएफए हातात असताना नोकरी करता येत नाही. ते याला 'रिटेनर' म्हणतील. सीओसीने आरपीची फी म्हणून दरमहा तीन लाख मंजूर करायचे आणि तुमच्या हाती त्यातला तुकडा ठेवून बाकीचा 'सपोर्ट'च्या नावाने वळता करायचा, अशी रचना असेल तर तिच्यावर सही करू नका. पत्रात तुम्ही रचना लिहिलेली नाही, म्हणून 'असेल तर' म्हणतोय.

तेव्हा आहे त्या स्वरूपात ऑफर नाकारा. दार मात्र आपटू नका. उलटा प्रस्ताव पाठवा, लेखी. आरपी मी, फी सीओसीने ठरवायची आणि ती पूर्ण माझ्या खात्यात. तुमची संस्था सपोर्ट सेवेसाठी वेगळी नेमली जाईल, वेगळ्या दराने, सीओसीसमोर ठेवून, संबंध जाहीर करून. बँक खात्यावर सही माझी. प्रत्येक दाव्याची फाइल माझ्या ड्राइव्हवर आधी, तुमच्याकडे प्रत. वकील मी निवडणार. सीओसीत मी बोलणार. आणि तुमचा एक तरी सीनियर माणूस आठवड्यातून दोन दिवस साइटवर हवा, फक्त मुलं नकोत. एवढं मान्य झालं तर तो मजला चढायचा रास्त जिना आहे, जरूर चढा. मोठ्या प्रकरणाचा अनुभव त्या रकान्यात लिहिता येईल. मान्य झालं नाही, तर त्यांना तुम्ही हव्या नव्हत्या, तुमचा नोंदणी क्रमांक हवा होता.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटली: कारखान्यांच्या कॉस्टिंगमध्ये काढलेली वर्षं. नाशिकच्या अंबडमधला एखादा प्रेस शॉप डोळ्यांसमोर आणा. आदेश हातात घेऊन आयआरपी गेटवर पोचतो. आत तीनशे डाय (साचे) रॅकवर लावलेल्या. शहरातला आरपी त्या सगळ्या कंपनीच्या मालमत्तेत धरतो आणि आठवड्याने ग्राहक कंपनीचा वकील येतो, कारण त्यातल्या निम्म्या ग्राहकाच्या मालकीच्या आहेत, जॉबसाठी दिलेल्या. कलम 18 प्रमाणे दुसऱ्याची मालमत्ता ताब्यात धरायचीच नसते. तुम्ही टूल कॉस्टचं लेजर मागाल आणि दुपारपर्यंत यादी वेगळी कराल. विजेचं घ्या. प्रक्रिया सुरू झाली की वसुलीला स्थगिती मिळते, म्हणून वीज कापणार नाहीत असं अनेकांना वाटतं. पण ज्या विजेवर उत्पादन चालतं ती कच्च्या मालासारखी, तिचं चालू बिल भरावंच लागतं. मग कोणती लाइन चालू ठेवायची? ज्या पार्टवर वीज, मजुरी आणि स्टील जाऊन काही उरतं ती. हा हिशेब तुम्ही एका संध्याकाळी करता. कंपनी चालू ठेवणं हे कलम 20 खालचं आयआरपीचं कर्तव्य आहे आणि लहान कारखान्यात ते पहिल्या आठवड्यातच साधतं किंवा हुकतं. बोली लावणाऱ्यांसाठीच्या तीनशे पानांच्या माहितीपत्राने (इन्फर्मेशन मेमोरँडम) ते साधत नाही.

म्हणून वरच्या मजल्याच्या रकान्यात बसायची धडपड थोडी बाजूला ठेवा आणि शंभर कोटींच्या आतले उत्पादक कारखाने हा आपला इलाखा धरा. इथे एक अडचण झाली आहे ती मान्य करायला हवी. मार्च 2020 मध्ये किमान थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली, त्यामुळे पुरवठादारांनी आणलेली छोटी प्रकरणं आटली, आणि तीच तुमच्यासारख्यांची सुरुवात होती. लघु-मध्यम उद्योगांसाठी 2021 मध्ये प्री-पॅक, म्हणजे आधीच ठरवलेल्या तोडग्याची वाट, आलं खरं, पण त्याची प्रकरणं अजून मोजकीच आहेत, त्यावर घर चालणार नाही. तरी राष्ट्रीयीकृत बँकांच्या नाशिक-पुण्याच्या विभागीय कार्यालयांत, मोठ्या सहकारी बँकांत, एनबीएफसींत वीस-तीस कोटींची खाती पडून असतात. मुंबईच्या मोठ्या फर्मला त्यात रस नसतो. बँकेच्या साहेबालाही त्या खात्याची धास्ती कमी असते, आणि धास्ती कमी झाली की नाव निवडताना तो तुमचा विचार करू शकतो. त्याला जाऊन भेटा. प्रोफाइल पाठवू नका, ते कोणी वाचत नाही. सोबत दोन पानं न्या: एका बंद पडत आलेल्या कारखान्यात पहिल्या सात दिवसांत मी काय केलं असतं. नावं न घालता. त्या टेबलामागे बसून सांगतो, अशी दोन पानं घेऊन कोणी आलं असतं तर मी त्याचा फोन नंबर लिहून घेतला असता.

आयबीबीआय दर सहा महिन्यांनी एनसीएलटीसाठी पॅनेल करतं, त्यासाठी इच्छा कळवायला चुकू नका. पॅनेलमधून आलेलं काम लहान असतं, कधी नुसतं लिक्विडेशन असतं. घ्या.

फीचं मात्र आता सैल सोडू नका. फॉर्म 2 वर संमती देण्याआधी अर्जदाराकडून फी आणि खर्चाचा आकडा लेखी घ्या, काही आगाऊ घ्या. 1 ऑक्टोबर 2022 पासून झालेल्या नेमणुकांना किमान फी आहे: मान्य दावे 50 कोटींपर्यंत असतील तर महिन्याला एक लाख, 500 कोटींपर्यंत दोन, आणि वर दहा हजार कोटींपलीकडे पाच लाख. आयआरपीलाही ती लागू आहे, थोड्या दिवसांसाठी असला तरी. 'मॅडम, पहिलंच काम आहे, साठ हजारांत करा' असं म्हणणारा अर्जदार तुम्हाला स्वस्त म्हणून घेतोय, आणि स्वस्त म्हणून आलेला आयआरपी पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यात आधी जातो, हेही मी पाहिलं आहे. जे प्रकरण मागे घेतलं गेलं, तिथे कलम 12ए खालचा माघारीचा अर्ज आयआरपीमार्फत जातो आणि नियम 30ए प्रमाणे अंदाजित खर्चाची बँक गॅरंटी सोबत लागते. ती घेतली होती का? घेतली असेल तर वटवा. नसेल तर त्याच प्रकरणात एनसीएलटीकडे फीसाठी अर्ज करा, मिनिट्स आणि बिलं जोडून. 'मुंबईच्या वर्तुळात नाव खराब होईल' ही शंका तुमच्या मनात येईल. त्या वर्तुळातले सगळे असे अर्ज करतात.

बदललं गेल्यावर एक करा. नवा आरपी निश्चित होऊन आदेश येईपर्यंत आयआरपी तुम्हीच असता, त्यामुळे ते दिवस हातचे राखून काम करू नका. ताबा देताना यादीवर, प्रत्येक पानावर, समोरच्याची सही घ्या: स्टॉक, डाय, बँक बॅलन्स, संगणक, चाव्या. पुढे काही हरवलं तर बोट आधी निघून गेलेल्याकडे वळतं. आणि ताबा दिल्यावर आठवड्याभराने त्या आरपीला एक फोन करून कारखान्याबद्दल कागदावर न आलेलं काही असेल तर सांगा, उदाहरणार्थ कोणता सुपरवायझर खरं बोलतो. मोठ्या फर्ममधली माणसंही माणसंच असतात, आणि स्थानिक कारखाना समजणारी व्यक्ती त्यांना पुढे लागतेच. तेव्हा सही मागायला नाही, सल्ला मागायला फोन येईल, आणि त्या सल्ल्याचं बिल लावता येतं.

राहिला यजमानांचा प्रश्न. त्यांचं अर्धं बरोबर आहे. कॉस्ट ऑडिटची कामं सोडू नका, उलट वाढवा. आयपीला स्वतंत्र प्रॅक्टिस करायला मनाई नाही, नोकरीला आहे. तुमच्या ठिकाणच्या आयपीचं उत्पन्न अजून दोन-तीन वर्षं उडत्या पाखरासारखंच असणार, आणि घरात नियमित पैसा येत असला की वाईट ऑफर नाकारायला बळ येतं. रिकाम्या खिशाने माणूस काहीही सही करतो. पण एएफए सोडू नका. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, तेव्हा पुढच्या नूतनीकरणाआधी यजमानांना बरोबर घेऊन बसा आणि वर्षाचा हिशेब मांडा: किती काम आलं, किती फी बुडाली, किती दिवस कफ परेडला एनसीएलटीच्या वाऱ्या झाल्या आणि त्यातल्या किती व्हीसीवर भागल्या असत्या. कॉस्टिंग तुमचंच आहे. फर्मला द्यायचं पत्र मात्र या आठवड्यातच पाठवा, आणि पाठवण्याआधी एखाद्या इन्सॉल्व्हन्सीच्या वकिलाच्या नजरेखालून घाला.